पान एकशे अठ्ठ्याण्णव

आप्पा, तुमच्या पुस्तकातली पट्टी मी हलवत होते.

बास. एवढंच वाक्य आहे. गणिताची बाई आहे, मोजून सांगते, ‘आप्पा’ सोडून सहा शब्द. ते बोलायला मला तुमच्यासमोर पाच महिने मिळाले होते. रोज सकाळचा चहा, रोज रात्रीचं जेवण, रोज संध्याकाळी गॅलरीतल्या त्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या सगळ्या वेळात मी काय बोलत होते? ‘गॅस संपत आलाय.’ ‘पाण्याची मोटर लावलीत का?’ ‘आज चौकात पुन्हा अर्धा तास गेला.’ हे सगळं मला अगदी सहज बोलता येत होतं.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं तेव्हा वाघमारेकाका बोलायला उभे राहिले. तुमच्यानंतर समितीचे चिटणीस तेच. बोलले चांगलं, खोटं का सांगू. ‘आप्पांनी बावीस वर्षं आपल्या विहाराचं इतिवृत्त लिहिलं, एका पानावर खाडाखोड दाखवा!’ लोकांनी माना डोलावल्या. मग काकांनी आवाज खाली आणला. ‘शेवटी विस्मरणानं गाठलं बिचाऱ्यांना. पण माणूस मोठा.’ सगळा हॉल एका सुरात हळहळला. आणि मी, तुमची एकुलती एक मुलगी, पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते.

विस्मरण! तुम्हाला! गॅसच्या कनेक्शनचा नंबर ज्यांना तोंडपाठ, माझ्या श्रावस्तीच्या बारावीचे विषयवार मार्क जे तिच्या आधी सांगायचे, त्यांना! मी तेव्हाच उठायला हवं होतं. नाही उठले. तुमच्याच घरात वाढले ना. आपल्याकडे मनातलं बोलायचं झालं तर आधी खाकरायचं, मग पाणी प्यायचं आणि मग विषय बदलायचा.

तेव्हा आता क्रमानं सांगते. तुम्ही म्हणायचात तसा, सविस्तर खुलासा.

ती कादंबरी श्रावस्तीची. खराडीच्या ऑफिसमधून शनिवारी थेट आपल्याकडे यायची तेव्हा बसमध्ये वाचायला घेतलेली, जाताना फ्रिजवर विसरून गेली. मुखपृष्ठ गुलाबी, त्यावर बॅडमिंटनचं फूल, आणि त्या फुलाच्या पिसांचा केलेला बदाम. तुम्ही चष्मा शोधत स्वयंपाकघरात आलात आणि पुस्तक असं दोन बोटांत धरून उचललंत, कुणाचा हातरुमाल सापडल्यासारखं.

‘हे काय प्रकरण आहे?’

मी श्रावस्तीला फोन लावला. ती स्पीकरवर ओरडली, ‘आजोबा, ते टीनएजर्ससाठी आहे! यू विल हेट इट!’

‘ते मी ठरवीन,’ तुम्ही म्हणालात.

आणि ठरवलंत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस कादंबरीसुद्धा फायलीसारखी उघडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. जुन्या लग्नपत्रिकेची कडा कात्रीनं सरळ कापून पट्टी केलीत, खूण म्हणून. सकाळी दहा ते बारा गॅलरीत वाचन. जेवण. दोन ते चार झोप. पहिल्या दिवशीचा अभिप्राय, ‘भाषा बरी आहे.’ दुसऱ्या दिवशीचा, ‘मुलगी हुशार दाखवली आहे, पण उद्धट.’ तिसऱ्या दिवशी, रविवार होता, मी कणीक मळत होते आणि गॅलरीतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं शेजारचं कोणी आलंय. बघते तर तुम्ही एकटे. पुस्तक छातीवर उपडं, डोळे मिटलेले, आणि पोट हलतंय. आई गेल्यापासून तुमचं पोट असं हललेलं मी पाहिलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

का आला ते तुम्हाला माहीत होतं, आप्पा. तुम्ही कधी विषय काढला नाहीत, मीही काढला नाही. मी अकरावीत होते. नारायण पेठेतल्या मेधाकडून एक कादंबरी आणली होती, अशीच, प्रेमाची. तिच्या घरी कादंबऱ्यांचं कपाट होतं. तिची आजीसुद्धा दुपारी कादंबरी वाचत लोळायची. माझी शेवटची चाळीस पानं राहिली होती. तुम्ही ते पुस्तक माझ्या केमिस्ट्रीच्या वहीखालून काढलंत, मारलं नाहीत, ओरडला नाहीत. शर्ट बदललात, मला सायकलवर डबलसीट घेतलंत आणि विश्रांतवाडीहून नारायण पेठेपर्यंत एक शब्द न बोलता नेलंत. मेधाच्या दारात पुस्तक माझ्या हातानं परत करवलंत. परतीच्या वाटेवर एकच वाक्य. ‘त्यांना परवडतं, करुणा. आपल्याला नाही.’

पैशांबद्दल बोलत नव्हतात तुम्ही, ते मला तेव्हाही कळलं. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे. त्यांनी घरातले देव उतरवले आणि त्या कोनाड्यात तुमची पाटी ठेवली, ही गोष्ट तुम्ही मला शंभरदा सांगितलीत. आपल्याकडे वाचणं म्हणजे वर चढणं. गंमत म्हणून कोणी जिना चढत नाही. हे सगळं पटतं मला. पटूनही छत्तीस वर्षं मला ती चाळीस पानं आठवत राहिली. आणि छत्तीस वर्षांनी तुम्ही माझ्या गॅलरीत बसून गुलाबी पुस्तक छातीवर घेऊन हसताय!

म्हणून त्या दिवशी जेवताना मी टोमणा मारला. ‘आप्पा, वय काय हो तुमचं?’

‘एकोणऐंशी. का?’

‘अठरा वर्षांच्या पोरांचं प्रेम वाचताय म्हणून विचारलं.’

तुम्ही आमटी भुरकलीत. ‘एकोणऐंशी वर्षांच्या पोरांचं कुठे मिळतं? असेल तर सांग, तेही आणू.’

श्रावस्ती तिथे असती तर टाळी दिली असती. मी काय केलं? भात वाढला. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी आले, तुम्ही आत घोरत होतात, पुस्तक खुर्चीवर होतं, मी ते उचललं. नुसतं बघायला. हे एवढं काय आहे त्यात, म्हणून.

चहा गार झाला, आप्पा. उभ्यानं सुरू केलेलं, खाली कधी बसले ते कळलं नाही.

खरं सांगते, ते पुस्तक काही थोर नाही. साताऱ्यातलं एक कॉलेज, मिश्र दुहेरीत खेळणारी रेवा आणि अंगद. एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलेले दोघे, आणि सरांनी जोडी लावून दिलेली. ती त्याला ‘महाशय’ म्हणते, तो तिच्या सर्व्हिसला ‘पोस्टाची सर्व्हिस’ म्हणतो. पुढे काय होणार हे पहिल्या पानावर कळतं. आणि तरी! तरी मी बावन्न वर्षांची, घटस्फोट घेतलेली, दहावी ‘ब’च्या वह्यांचा गठ्ठा शेजारी ठेवून, त्या पोराचा हात जाळीवरून तिच्या हाताला लागतो की नाही म्हणून श्वास धरून बसले होते. मला मेधाच्या घरातल्या त्या कपाटाचा वास आला. कुणाला काही शिकवायचं नाही, कुठे वर चढायचं नाही. दोन मुलं बाकावर बसून भडंग खातात आणि आपल्याला बरं वाटतं.

त्या भडंगाचं तुम्हाला आठवत असेल. सामना हरल्यावर दोघे बोलत नाहीत, कागदाच्या पुड्यातून भडंग खातात, आणि अंगदच्या लक्षात येतं की त्याच्या बाजूला शेंगदाणेच शेंगदाणे आलेत. ती गप्प बसून बोटानं एकेक दाणा त्याच्याकडे सरकवते आहे. कारण एकदा, कधीतरी, तो म्हणाला होता की त्याला भडंगातले दाणेच आवडतात.

तो प्रसंग मी वाचला एका बुधवारी. त्याच्या तीन दिवस आधी, रविवारी सकाळी, पोहे खाताना तुम्ही तुमच्या ताटलीतले दाणे चमच्यानं बाजूला करून माझ्या ताटलीत टाकलेत. मी विचारलं, ‘दाताला लागतात का?’ तुम्ही म्हणालात, ‘हं.’

मी लहानपणी पोह्यातले दाणे आधी वेचून खायची. आई ओरडायची.

त्या बुधवारी पुस्तक हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. आत तुमचं घोरणं ऐकू येत होतं. उठून, तुम्हाला हलवून, ‘आप्पा, दात नाही ना दुखत तुमचा?’ एवढं विचारायचं होतं. पण तसं विचारलं असतं तर मी ते पुस्तक वाचते हे कळलं असतं. आणि ते कळलं असतं तर माझा छत्तीस वर्षांचा राग कुठे ठेवायचा, हा प्रश्न होता. बघा, किती मोठा प्रश्न! पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा दाणे टाकलेत. मी खाल्ले. ‘डेंटिस्टकडे जाऊ या का,’ असंही विचारलं वर. लाज वाटते.

आता पट्टीचं.

दुसरी खूण मी ठेवणार कशी? पुस्तकात दोन खुणा दिसल्या की चोरी उघडी. म्हणून मी माझं पान लक्षात ठेवायचे आणि उठताना तुमची पट्टी तुमच्या जागी परत ठेवायचे. पण हात तो हातच. वाचन थांबवलं की खूण जिथे थांबलो तिथे ठेवायची, ही त्याची सवय. एका दुपारी सिलिंडरवाल्यानं बेल वाजवली आणि मी तुमची पट्टी माझ्या पानावर घातली. सात पानं पुढे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘करुणा, हे यांचं भांडण कधी मिटलं? मी काल वाचलं म्हणतोय, पण मला आठवत कसं नाही?’

खरं बोलायचंय ना आज? तर ऐका. त्या क्षणी मला किंचित मजा वाटली. आयुष्यभर बरोबर असलेला माणूस एकदा गोंधळलेला पाहायची मजा. मी म्हटलं, ‘डुलकी लागली असेल वाचताना.’

‘असेल,’ तुम्ही म्हणालात.

तिथे संपायला हवं होतं. पण असं चार वेळा झालं, आप्पा. दोनदा पुढे, दोनदा मागे. मागे झालं की तुम्ही वाचलेलंच पुन्हा वाचायचात आणि मध्येच थांबायचात. तुमच्या चेहऱ्यावर मग थोरल्या काकांची सावली यायची. तुमचे मोठे भाऊ, शेवटी स्वतःच्या मुलाला ‘आपण कोण?’ विचारणारे, एकदा आळंदी रस्त्यावरच्या बसस्टॉपवर सापडलेले. तुम्ही त्यांच्याबद्दल कधी बोलला नाहीत. फक्त एकदा, गॅलरीत, पुस्तक मिटून, ‘दादालाही सुरुवात अशीच झाली होती. पेपर पुन्हा पुन्हा वाचायचा.’

हे ऐकूनही मी ‘मोटर बंद करते’ म्हणून आत गेले.

मग तुमचा शर्ट धुवायला काढताना खिशात चिठ्ठी सापडली. तुमचं ते उभं, नेटकं अक्षर. ‘आजचे पान १४६.’ तुम्ही स्वतःवर चौकशी बसवली होती. रोज दुपारी पान लिहून ठेवायचं, दुसऱ्या सकाळी पट्टीशी ताळा करायचा. शहाण्या बाईनं तत्क्षणी आत जाऊन पाय धरले असते. मी काय केलं सांगू? मी जास्त काळजी घ्यायला लागले. पट्टी काढायच्या आधी पान पाटीवर खडूनं लिहावं तसं मनात तीनदा म्हणायचे. पंधरा दिवस एकही चूक नाही. तुम्ही खुलायला लागलात. पुन्हा अभिप्राय सुरू झाले.

‘हा अंगद गाढव आहे,’ एका सकाळी तुम्ही कडाडलात. ‘गुडघा दुखावलाय म्हणून स्पर्धेतून नाव काढून घेतलं, आणि ते हिला सांगत नाही! तिला वाटतंय, आपण वाईट खेळतो म्हणून याने जोडी सोडली. अरे, गुडघा दुखतोय! एक वाक्य! बोलायला काय जातंय तुझं?’

‘भीती वाटत असेल,’ मी शेगडीपाशी होते.

‘कसली?’

‘तिला वाईट वाटेल याची. किंवा स्वतः लहान दिसू याची.’

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. ‘तुला बरं माहीत!’

मी कुकरची शिटी मोजत राहिले. पुढ्यात आणून ठेवला होतात तुम्ही विषय, आयता. तो गाढव पोरगा आणि मी यांत फरक एवढाच, की त्याचं वय अठरा होतं.

आणि मग ती शेवटची चूक. चिठ्ठीवर होतं १९८. दुपारी मी वाचता वाचता २१२ वर आले, तितक्यात तुम्ही आतून खोकलात. मी पट्टी घातली, पुस्तक मिटलं, पळाले. सकाळी तुम्ही चिठ्ठी पाहिलीत, पट्टी पाहिलीत, पुन्हा चिठ्ठी पाहिलीत. चौदा पानं. एकही ओळ आठवत नव्हती तुम्हाला, कारण ती तुम्ही वाचलीच नव्हतीत. तुम्ही पुस्तक उचलून फ्रिजवर ठेवलंत, बरोबर जिथून घेतलं होतं तिथे. ‘श्रावस्तीला परत दे,’ म्हणालात. ‘आणि डॉक्टरची वेळ घे.’

डॉक्टर पोरगेलासा होता. तुम्हाला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात सात वजा करायला लावलं. तुम्ही दोनपर्यंत जाऊन थांबलात आणि म्हणालात, ‘पुढे ऋण संख्या येतील. चालतील?’ त्याने विचारलं, ‘आपण आत्ता कुठे आहोत?’ तुम्ही म्हणालात, ‘बोर्डावर लिहिलंय तिथे. पाऊण तास वाचतोय बाहेर बसून.’ तीसपैकी एकोणतीस मार्क. तो हसला. ‘आजोबा, माझ्यापेक्षा चांगलं आहे.’ मग माझ्याकडे वळला. ‘मॅडम, घरी काही बदल जाणवला तुम्हाला?’

आप्पा, तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी नाही म्हणेन अशी आशा होती तुमच्या डोळ्यांत, ती मला दिसत होती.

मी म्हटलं, ‘वाचलेली पानं विसरतात कधीकधी.’

का बोलले मी ते? आजवर मला नीट उत्तर सापडलेलं नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर ‘मग पट्टी कशी हलते?’ हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर घरात एकच माणूस देऊ शकत होता. डॉक्टर गंभीर झाला. ‘मग लक्ष ठेवू या,’ म्हणाला. रिक्षात तुम्ही एवढंच बोललात, ‘परीक्षेत पास झालो, पण साक्ष विरोधात गेली.’ विनोद करत होतात. मी हसले. हसले!

त्या महिन्याच्या सभेत तुम्ही चिटणीसपद सोडलंत. शेवटचं इतिवृत्त स्वतःच लिहिलंत. ‘चिटणीस यांनी विस्मरणाच्या कारणास्तव पदभार सोडण्याची इच्छा व्यक्त केली. ती मान्य करण्यात आली.’ स्वतःबद्दलसुद्धा ‘यांनी’. घरी येऊन कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्यात. एकटे बँकेत जाणं बंद. विहारात गेलात तरी मागे बसायचात. आणि वाचणं बंद, पेपरसुद्धा फक्त मथळे. दहा ते बारा त्याच खुर्चीत रिकाम्या हातांनी बसलेले असायचात. पाच महिने. मग एका दुपारी दोनला झोपलात ते चारला उठला नाहीत. हृदय बंद पडलं, म्हणाले. लोक म्हणतात शांत गेले. शांत? शांत मी केलं होतं तुम्हाला, आधीच.

पुस्तक मी श्रावस्तीला परत दिलं नव्हतं. पुढे वाचलंही नव्हतं. २१२ वर पट्टी तशीच.

परवा तिला सगळं सांगितलं. तिनं पुस्तक उघडून पट्टी कुठे आहे ते पाहिलं. मग म्हणाली, ‘आई, सीरियसली? एक एक्स्ट्रा बुकमार्क ठेवला असतास तर?’

‘आप्पांना कळलं असतं.’

‘कळलं असतं तर काय झालं असतं?’

काय झालं असतं? तुम्ही चष्म्यावरून बघितलं असतंत. ‘कितव्या पानावर आहेस?’ असं विचारलं असतंत. दोघं मिळून त्या गाढवाला शिव्या घातल्या असत्या. एवढंच झालं असतं, आप्पा. त्या दोन खुर्च्यांत बसून. आणि मला कदाचित मेधाच्या दारातल्या त्या दिवसाबद्दल तुम्हाला काही विचारता आलं असतं. कदाचित तुम्ही दाणे टाकत होतात म्हणजे ते उत्तरच देत होतात. आता कुणाला विचारू?

ती जाताना एवढंच म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग? तिकडे विहारात सांग.’

काल रविवारी समितीची सभा होती. मी गेले. पहिला विषय तुमचाच आवडता, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. काकांनी वाचून झाल्यावर विचारलं, ‘कुणाची हरकत?’ बावीस वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही. मी हात वर केला, दहावी ‘ब’मधल्या पोरीसारखा.

‘मागच्या नाही, सहा महिन्यांपूर्वीच्या इतिवृत्ताला,’ मी म्हटलं. ‘आप्पांना विस्मरण झालेलं नव्हतं.’

काकांनी वही मिटली. आवाज पुन्हा तसाच, खाली आणलेला. ‘ताई, आम्ही समजू शकतो. पण त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. कायम झालंय ते.’

‘मग दुरुस्तीची नोंद करा. ते वाचत होते त्या पुस्तकातली खूण मी हलवत होते. त्यांना वाटलं, आपण विसरतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही.’

‘पण तुम्ही कशाला हलवत होता?’

‘मीही तेच पुस्तक वाचत होते. चोरून.’

‘धम्माचं होतं का काही?’ काकांनी आशेनं विचारलं.

‘कादंबरी होती. कॉलेजमधल्या मुलामुलीची. प्रेमाची.’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं जमीन फाटावी. आणि तुमच्या त्या मागच्या रांगेतून, तुमच्या शेजारी बसायच्या त्या साळवेआजींनी, पंच्याऐंशी वर्षांच्या, विचारलं, ‘मग झालं का गं लग्न त्यांचं?’

कोणीतरी हसलं. मी हसले आणि मग रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. काकांनी पेन उघडलं. तुमच्यासारखं अक्षर नाही त्यांचं, खाडाखोड तर विचारू नका. पण लिहिलं. मी ओळीवर बोट ठेवून तपासून घेतलं. ‘माजी चिटणीस यांची स्मरणशक्ती अखेरपर्यंत उत्तम होती. पूर्वीची नोंद त्यांच्या कन्येच्या चुकीमुळे झाली, असा खुलासा त्यांनी सभेत केला. तो कायम करण्यात आला.’

उशीर झाला. याचा तुम्हाला उपयोग शून्य, हे मला कळतं. बरं वाटायला हवं होतं, तेही फारसं वाटलेलं नाही. चिडचिड मात्र होते आहे, तुमच्यावरसुद्धा. खिशात चिठ्ठ्या ठेवणारा माणूस, एवढी चौकशी केलीत, आणि घरात राहणाऱ्या दुसऱ्या एकमेव माणसावर संशय घेतला नाहीत? मुलगी कादंबरी वाचणार नाही, इतकी खात्री होती? की मी तुम्हाला फसवणार नाही, ही?

आज शाळेला सुट्टी आहे. सकाळी दहाला गॅलरीत बसले, तुमच्या खुर्चीत. समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतं, दिसू दे. गुलाबी मुखपृष्ठ असं रस्त्याकडे करून धरलं. तुमची पट्टी २१२ वरून काढली आणि तुमच्या जागी, १९८ वर ठेवली. श्रावस्तीनं आणलेली एक नवी खूण होती, ती माझी. सुरुवात तुमच्याच पानावरून केली, म्हणजे ती चौदा पानं या वेळी दोघांची होतील. वाचताना मध्ये एकदा मोठ्यानं हसलेसुद्धा.

बारापर्यंत २३१ वर आले. अंगद अजून बोललेला नाही. बोलला की साळवेआजींना सांगायचंय, पण आधी इथे, या खुर्चीत, तुम्हाला सांगीन. तोपर्यंत माझी खूण २३१ वर आहे. तुमची १९८ वर. तिला आता कोणी हात लावणार नाही.